स्पेक्ट्रम लावण्याआधी अ‍ॅडॉप्टरची पिन तपासा

माळ्यावरून झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर काढला की लगेच प्लग लावू नका. त्याला ९ व्होल्ट डीसी, सुमारे १.४ अँपिअर लागतं, आणि पिनच्या आत निगेटिव्ह. लातूर-नांदेडच्या दुकानांत मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. उलटा लावला की बहुधा आतल्या वीजपुरवठ्याचा टीआर४ ट्रान्झिस्टर जातो, पाठोपाठ खालच्या १६के रॅमच्या (मेमरीच्या) चिपा. म्हणून मल्टिमीटरची लाल तार पिनच्या आत, काळी बाहेर टेकवा. आकड्यापुढे उण्याची खूण दिसलीच पाहिजे.

मूळ अ‍ॅडॉप्टर लोड नसताना, म्हणजे कॉम्प्युटर न जोडता, १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे, तो रेग्युलेटेडच नाही, म्हणजे व्होल्टेज स्थिर धरत नाही. पण उन्हाळ्यात किंवा लाइन चढली की कॉम्प्युटरच्या आतला ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) चटका बसेल इतका तापतो. मराठवाड्यात तरी रेग्युलेटेड ९ व्होल्टचाच घ्या.

चित्रासाठी टीव्हीवर यूएचएफ चॅनल ३६ हातानेच शोधा, ऑटो सर्चमध्ये ते बऱ्याचदा निसटतं. नुसत्या मुंग्या दिसल्या तर ट्यूनिंग किंवा केबल बघा. उभे पट्टे किंवा रंगीत चौकोन स्थिर दिसत असतील, तर टीव्हीला दोष देऊ नका. सिग्नल पोचतोय, बिघाड बहुधा रॅमच्या बाजूला आहे.