जुन्या गोठ्याचं धाबं मृगाआधी कसं दुरुस्त करावं

1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा खानदेशातही पैसा खेळला. त्या शतकातल्या बांधणीचे मातीच्या भिंतींचे, धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) गोठे गावोगाव अजून उभे आहेत. ते पडतात ते बहुतेक वरच्या ओझ्याने.

दरवर्षी जुन्यावर नवी खारी (धाब्यावर टाकायची क्षारयुक्त माती) टाकली जाते, जुनी कुणी काढत नाही. एक इंच माती म्हणजे चौरस मीटरला साधारण 40 किलो, भिजली की आणखी जड. म्हणून आधी थर मोजा. कडेला सळई खुपसून पाहा. वीतभर खोल गेली, तर वरची निम्मी माती उतरवा. दोन तुळयांमधल्या एका खणावर ढीग करू नका, कडी (तुळयांवरचं आडवं लाकूड) मोडते.

मात्र वर चढण्याआधी आतून तुळयांची टोकं तपासा. लाकूड भिंतीत शिरतं तिथेच कुजतं. पेचकस सहज रुतला, तर आधी खाली टेकू द्या, मगच वर चढा.

पन्हाळीकडे हातामागे बोटभर उतार काढा. ढेकळं फोडून, चाळलेली खारी दोन बोटं पसरा, किंचित शिंपडून धुमसाने ठोका. या मातीतल्या क्षारांमुळे चिकणकण ओले होताच सुटतात, फुगतात आणि भेगा बुजतात. उलट काळ्या मातीला उन्हात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात.

वरून सिमेंटचा गिलावा मात्र नकोच. तो तडकतो, तड्यातून शिरलेलं पाणी आतच कोंडतं, आणि चांगलं सागवान नकळत कुजतं.