प्रयोगशाळेतील चुंबकाभोवती ५ गॉसची रेषा कशी आखावी

पुण्यात पाषाण किंवा गणेशखिंडीच्या परिसरातील एखाद्या संस्थेत एनएमआरचा (रेणूंची रचना तपासणाऱ्या चुंबकीय अनुनाद यंत्राचा) अतिवाहक चुंबक, म्हणजे ज्यात प्रवाह रोधाविना वाहत राहतो असा चुंबक, बसवायचा असेल, तर ५ गॉसची रेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ५ गॉसपर्यंत उतरते ती सीमा, कुठवर जाते हे खोली निवडण्यापूर्वीच पाहावे. आंतरराष्ट्रीय नॉन-आयोनायझिंग रेडिएशन संरक्षण आयोगाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्मचाऱ्यांच्या डोक्यासाठी व धडासाठी स्थिर क्षेत्राची मर्यादा २ टेस्ला, तर सामान्य लोकांसाठी ४०० मिलिटेस्ला आहे. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीसाठी मात्र ०.५ मिलिटेस्ला, म्हणजे ५ गॉस, हीच सीमा रूढ आहे. एमआरआयच्या मानकाने २०२२ साली ती ९ गॉसवर नेली. तरीही प्रयोगशाळेने जुनाच आकडा धरावा, कारण दारातून येणाऱ्या माणसाच्या छातीत कोणते आणि किती जुने उपकरण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

उत्पादकाकडून क्षेत्राचा आलेख मागवून तो इमारतीच्या नकाशावर आणि उभ्या छेदावरही ठेवावा. चूक होते ती या उभ्या छेदातच. एनएमआरच्या चुंबकाचा अक्ष उभा असतो आणि क्षेत्र अक्षाच्या दिशेने अधिक दूर पोहोचते. त्यामुळे खोलीत रेषा भिंतीच्या आत राहिली, तरी ती स्लॅब भेदून खालच्या वर्गात किंवा वरच्या कार्यालयात जाऊ शकते. स्लॅब क्षेत्राला अडवत नाही, आणि त्यातील सळ्यांमुळे रेषेचा आकार थोडा बदलतो, म्हणून आलेखावर विसंबून न राहता चुंबक भारित झाल्यावर, म्हणजे त्यात पूर्ण प्रवाह सोडल्यावर, प्रत्यक्ष मोजणी करावी.

हॉल प्रोबचा (चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या संवेदकाचा) गॉसमापी चुंबकापासून दूर शून्यावर आणावा. एकाच अक्षाचा प्रोब असेल, तर प्रत्येक ठिकाणी तो फिरवून सर्वाधिक वाचन नोंदवावे. पृथ्वीचे क्षेत्रच पुण्यात सुमारे ०.४ गॉस असल्याने ५ गॉसजवळच्या वाचनात तेवढा फरक पडू शकतो. मोजणी छातीच्या उंचीवर करावी, आणि वरच्या व खालच्या मजल्यांवरही करावी. जिथे ५ गॉस मिळेल तिथे जमिनीवर पिवळी पट्टी लावावी. नंतर शेजारी लोखंडी कपाट आणले किंवा चुंबक बदलला, तर मोजणी पुन्हा करावी.

दारावरील फलक मराठीतही असावा आणि त्यावर स्पष्ट लिहावे की वीज गेली तरी हा चुंबक चालूच असतो. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांना हे तोंडी सांगावे. लोखंडी शिडी व गॅस सिलिंडर रेषेच्या आत नेऊ नयेत, हेही त्याच वेळी बजावावे.