दंगलीच्या आधीची कामं

भिवंडीत मी पहिल्यांदा आले ती एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, फील्डवर्कसाठी, आठवड्यातले दोन दिवस. आता या कामात नऊ वर्षं झाली. दर जूनमध्ये कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "ताई, दोन समाजांमध्ये सलोख्याचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" फोनवर ते सगळं सांगून होत नाही, म्हणून नीट लिहून काढते आहे.

भिवंडीच का, ते आधी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाचं नाव देशभर झालं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं होती, दोन्ही समाजांची, आणि त्यांच्याबरोबर त्या भागातले पोलीस. काही घडलं म्हणून बैठक बोलवायची, असं नव्हतं. काही घडलेलं नसताना माणसं भेटत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० जण मारले गेले. भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही अशाच कमिट्या झाल्या. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही त्याला या कामाचं मर्म कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मला स्वतःलाही ते उशिरा कळलं. पहिल्या वर्षी आम्ही 'एकता मेळावा' घेतला. दोन्ही वस्त्यांमधली साठेक मुलं आली, भाषणं झाली, सगळ्यांनी मिळून शपथ घेतली. मी मागे उभी राहून पाहत होते: सतरंजीच्या उजवीकडे एक वस्ती, डावीकडे दुसरी, मधे माणूसभर रिकामी जागा. समोसे खाऊन मुलं जशी आली तशी गेली. एकालाही दुसऱ्या बाजूच्या एकाचंही नाव माहीत झालं नव्हतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. आजही कुणी मेळाव्याचा प्रस्ताव आणला की मी आधी विचारते, यातून किती जणांकडे एकमेकांचे नंबर जातील?

मार्ग सापडला तो पोलीस भरतीतून. आमच्या भागात उर्दू शाळेत शिकलेली बरीच मुलं-मुली भरतीची तयारी करत होती. अंगात दम होता, पण लेखी परीक्षेतलं मराठी व्याकरण त्यांना अडवत होतं. पलीकडच्या वस्तीतली मुलं व्याकरणात बरी, पण १६०० मीटर वेळेत पुरं करताना त्यांची दमछाक व्हायची. आम्ही पहाटे पाचला मैदान आणि संध्याकाळी सातला समास-प्रयोगाचा वर्ग सुरू केला. शांतता हा शब्द वर्षभरात एकदाही उच्चारला नाही. पद्मनगरची तेलुगू घरातली एक मुलगी आमच्या वर्गात सगळ्यांत पक्की. कर्मणी आणि भावे प्रयोगातला फरक ती कोकणी मुसलमान घरातल्या मैत्रिणीला पाटीवर लिहून दाखवायची. ती मैत्रीण घरी जी बोली बोलायची ती माझ्या आजीच्या बोलीच्या इतकी जवळची होती, की 'मराठी कुणाची' हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच संपला.

मग एका गणपतीत, रात्री नऊच्या सुमाराला, एक व्हिडिओ फिरू लागला: मूर्तीची विटंबना झाली, अमुक गल्लीत जमाव जमलाय. मंडळाची पोरं नाक्यावर गोळा झाली. त्यांतल्या एकाने, जो आमच्याबरोबर धावायचा, पलीकडच्या गल्लीतल्या जोडीदाराला फोन लावला. "तुमच्याकडे काय चाललंय?" "काही नाही रे, मी जेवतोय." "बाहेर ये आणि व्हिडिओ कॉल कर." तो हात न धुता बाहेर आला. मशिदीपासून भिस्सीपर्यंत, म्हणजे कामगारांच्या खानावळीपर्यंत, अख्खी गल्ली त्याने फोनवर चालून दाखवली: बंद शटर, भिस्सीत रात्रीचं जेवण घेणारे यंत्रमागांवरचे कामगार, पायरीवर झोपलेलं कुत्रं. पंधरा पोरांनी त्या एका स्क्रीनवर ते पाहिलं आणि ती घरी गेली. तो व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला, जुना होता. मी तिथे नव्हतेच. मला हे सगळं सकाळी मैदानावर कळलं.

आता शिकायचं काय? उर्दू लिपी शिका. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन महिन्यांत दुकानाच्या पाट्या वाचता येतात, आणि पाटी वाचणाऱ्या माणसाशी लोक वेगळं बोलतात. कायदा मोघम नको. पूर्वीचं जमावबंदीचं १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे, आणि समाजांत तेढ पसरवण्याचं १५३-अ आता न्याय संहितेत १९६ आहे. दोन्ही पंचांगं भिंतीवर शेजारी लावा. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे सण कधी एकत्र येणार ते आधीच दिसतं. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले. मुंबईसह अनेक शहरांत जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिम समाजातल्या जाणत्यांनी ठरवलं आणि सरकारने ईदची सुट्टी २९ ला नेली. असे निर्णय ऐनवेळी होत नाहीत. त्यासाठी कुणीतरी महिनाभर आधी उंबरे झिजवलेले असतात. ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता.

मुलींना बैठकीला बोलावण्याआधी त्यांच्या आईकडे चहा घ्या. घाई केलीत तर ती मुलगी परत दिसणार नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. माझं पहिलं मानधन ९,००० रुपये होतं आणि तेही कधी दोन महिन्यांनी मिळायचं. घरची जबाबदारी असेल तर नोकरी सांभाळून आठवड्याचे दोन दिवस द्या. त्याने काम कमी प्रतीचं होत नाही. पण ठरलेल्या दिवशी आलंच पाहिजे. या वस्त्यांनी येऊन गेलेले खूप पाहिलेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून. १ जुलै १९४६ ला अहमदाबादच्या दंगलीत वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमावाला थोपवताना मारले गेले. त्यांचं नाव घेताना आजही माझा आवाज जड होतो. तरीही नव्या मुलांना मी सांगते, दगड सुरू झाले की पुढे जायचं नाही. ११२ ला फोन करा, आपली माणसं घरात घ्या, मिळेल ती खरी माहिती दोन्हीकडे पोचवा. मला तुम्ही पुढच्या सोमवारी वर्गात हवे आहात.

यायचं असेल तर पावसाळा संपल्यावर या, तेव्हा मैदान सुकलेलं असतं. पहिला महिना कुणाला काही शिकवायचं नाही, फक्त धावायचं आणि नावं पाठ करायची. पहाटे पाच म्हणजे पाचच; पावणेपाचलाच मुलं येऊन बसलेली असतात.