बाबांच्या आधारला कुलूप

बाबांच्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. ओटीपी नाही, कार्ड नाही. मेसेजात ‘एईपीएस’ (आधारवरून बँक व्यवहार करण्याची सोय) दिसलं तेव्हा उलगडा झाला: इथे आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याची प्रकरणं तेलंगणात उघड झाली आहेत, त्यामुळे ‘माझा अंगठा माझ्याकडेच आहे’ या बाबांच्या म्हणण्याला फारसा अर्थ नव्हता.

आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, मग बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घेतली. हे लगेच करा. त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. पैसे परत आले, बऱ्याच हेलपाट्यांनंतर.

मग आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवणं बंद केलं. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला हवा.

अडचण एकच: रेशन दुकानात अंगठा लागेना. तिथे रांगेत उभं राहूनच तात्पुरतं अनलॉक करतो. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.