धंद्याच्या डिझाईनसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय? स्वस्त आणि लवकर जमणारं कसं निवडायचं

"ग्राफिक्ससाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं" असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात, आणि प्रत्येक जण स्वतः वापरतो तेच सांगतो. त्या उत्तरांचा तुम्हाला फार उपयोग नाही. त्यापेक्षा एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात धंद्यासाठी काय काय डिझाईन करून घेतलं, किंवा करायचं राहून गेलं, ते लिहून काढा. सोशल मीडियाच्या पोस्ट, ऑफरची इमेज, व्हिजिटिंग कार्ड, रेटकार्ड, बॅनर, डब्यावरचं लेबल, जे असेल ते. मग प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: हे किती वेळा लागतं, आणि तयार झालेली फाईल शेवटी कुठे जाते, मोबाईलच्या स्क्रीनवर की छापायला. अर्धी निवड इथेच होते, खरं सांगतो, कारण बहुतेकांच्या यादीत आठवड्याला लागणारं काम एकच निघतं आणि बाकीची वर्षातून एकदा-दोनदा येतात. आठवड्याचं काम ज्यात पटकन होतं ते सॉफ्टवेअर शिका, वर्षातून एकदाचं काम डिझायनरला द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता एक गोष्ट समजून घ्यावीच लागेल, ती टाळून पुढे जाता येत नाही. इमेज दोन प्रकारच्या असतात. एक पिक्सेलवाली, म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली: फोटो, जेपीजी, पीएनजी. दुसरी व्हेक्टर, म्हणजे त्यात ठिपके नसतात, रेषा आणि आकारांचं गणित साठवलेलं असतं, म्हणून कितीही मोठी केली तरी फाटत नाही. समजा तुमचा लोगो ५०० पिक्सेल रुंदीची जेपीजी आहे. छपाईला साधारण इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे हा लोगो जेमतेम पावणेदोन इंच स्वच्छ छापला जाईल. कार्डावर ठीक दिसेल. तोच १० फुटी बॅनरवर पूर्ण रुंदीत लावला तर इंचाला चार पिक्सेल येतात, मग ते चौकोन रस्त्यापलीकडूनही दिसतात (बॅनर लांबून बघतात म्हणून त्याला ३०० लागत नाहीत, ७२ ते १०० मध्ये भागतं, पण चार म्हणजे अगदीच काहीच्या काही). म्हणून लोगो, लेबल, बोर्ड यांना व्हेक्टर सॉफ्टवेअर आणि फोटो साफ करणं, उजळवणं, मागचं काढणं याला फोटोचं सॉफ्टवेअर. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो बनवून ठेवणारे लोक खूप आहेत आणि त्यांना नंतर तोच लोगो पैसे देऊन परत काढून घ्यावा लागतो.

हे कळलं की नावांकडे बघू.

फक्त पोस्ट, स्टोरी, ऑफरच्या इमेज एवढंच काम असेल तर कॅनव्हा किंवा अॅडोबी एक्सप्रेस घ्या आणि विषय संपवा. ब्राउझरमध्ये चालतात, मोबाईलवर चालतात, टेम्प्लेट उघडा, मजकूर बदला, फोटो टाका, डाउनलोड करा. एका संध्याकाळी जमतं. दोन्हींचे फुकट प्लॅन आहेत आणि सुरुवातीला तेवढे पुरतात. कॅनव्हात फुकटमध्ये काय मिळत नाही ते मात्र आधीच माहीत असू द्या: मागचं बॅकग्राउंड काढणं, पारदर्शक पीएनजी, एसव्हीजी (व्हेक्टरची फाईल) डाउनलोड, एकाच डिझाईनचा साईज एका क्लिकवर बदलणं, छपाईच्या चार शायांचे सीएमवायके रंग, हे सगळं पैसेवाल्या प्लॅनमध्ये आहे. म्हणजे स्क्रीनपुरतं फुकटात मजेत चालतं, लोगोची फाईल बाहेर न्यायची वेळ आली की पाकीट काढावं लागतं. आणि एक सांगतो, टेम्प्लेटमधलं तयार चित्र उचलून त्याचा लोगो करू नका. ते चित्र बाकी हजारो लोकांनाही वापरायला दिलेलं असतं, त्यामुळे त्याचा ट्रेडमार्क तुमच्या नावावर करता येत नाही, कॅनव्हाच्या लायसन्समध्येच तसं लिहिलंय. साधे आकार, रेषा आणि अक्षरं वापरून स्वतः जुळवलंत तर चालतं.

लोगो, लेबल, कार्ड स्वतःच करायचंय आणि खर्च शून्य हवाय, तर इंकस्केप. २००३ पासून आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, जुन्या लॅपटॉपवरही तग धरतं, आणि फाईल एसव्हीजीमध्ये सेव्ह होते, जी उद्या दुसऱ्या कुठल्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. पहिले दोन दिवस बटणं बघून गोंधळ होतो हे मान्य, पण कामाची पाच-सहाच आहेत: सिलेक्ट, आकार, पेन, टेक्स्ट, रंग आणि अलाइन. बाकीच्यांकडे सहा महिने बघितलं नाही तरी चालतं. त्याची कमजोर बाजू म्हणजे सीएमवायके. ते स्क्रीनच्या आरजीबी रंगांत विचार करतं, म्हणून छपाईला फाईल देताना जरा सांभाळावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

अॅफिनिटीचं नाव आता या यादीत वरच्या बाजूला घ्यावं लागतं. आधी त्याची तीन वेगळी सॉफ्टवेअर होती, एकदाच पैसे देऊन घ्यायची. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हेक्टर, फोटो आणि पेज लेआउट तिन्ही एकत्र करून अॅप फुकट केलं, फक्त कॅनव्हाचं अकाउंट लागतं आणि एआयवाली फीचर्स पैसेवाल्यांना. सीएमवायके व्यवस्थित आहे, काम करायला इंकस्केपपेक्षा गुळगुळीत वाटतं. पण लिनक्सवर नाही, आणि मराठी मजकुराची टेस्ट घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नका, कारण आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळत नाही ही जुनी तक्रार आहे.

फोटोसाठी फोटोपी बघा. ब्राउझरमध्ये उघडतं, इन्स्टॉल करायची भानगड नाही, दिसायला अगदी फोटोशॉपसारखं, फोटोशॉपची पीएसडी फाईलसुद्धा उघडतं, बाजूला जाहिराती दिसतात एवढंच. तुमचा फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच कॉम्प्युटरवर प्रोसेस होतो. गिंप पण फुकट आहे आणि ताकदीचं आहे, मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लावल्यावर नंतरही बदलता येतात, पण आठवड्याला चार प्रॉडक्ट फोटो साफ करायचे तर फोटोपी लवकर हाताशी येतं. क्रिटा चित्रं काढणाऱ्यांसाठी आहे, धंद्याच्या कामाला सहसा लागत नाही. पानंच्या पानं असलेला कॅटलॉग करायचा असेल तर स्क्रायबस.

आणि पैसे देऊन? अॅडोबीची इलस्ट्रेटर (व्हेक्टरसाठी) आणि फोटोशॉप (फोटोसाठी) उत्तमच आहेत, पण दर महिन्याचं भाडं आहे, थांबवलं की सॉफ्टवेअर बंद. तुम्ही रोज चार तास डिझाईन करणार असाल तर घ्या. कोरलड्रॉ १९८९ पासून आहे आणि छपाईवाल्यांत चांगलंच रुळलेलंय, त्यामुळे प्रेसवाला त्याची सीडीआर फाईल मागतो आणि आपण घाबरून तेच सॉफ्टवेअर शोधायला लागतो, मग कुठूनतरी क्रॅक केलेलं आणतो. नको. क्रॅकसोबत व्हायरस येतात आणि धंद्याची बिलं, बँकेचे पासवर्ड त्याच मशीनवर असतात. प्रेसवाल्याला विचारा, "कर्व्ह केलेली पीडीएफ चालेल का?" (कर्व्ह म्हणजे काय ते पुढे सांगतो.) बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

आता मराठीची टेस्ट, ही सॉफ्टवेअर पक्कं करायच्या आधी करायची, नंतर नाही. टेक्स्ट टूल घ्या आणि हे टाईप करा: दुसऱ्या, किंमत, विक्री, क्षेत्र, सर्व, द्वारे. "किं"ची वेलांटी क च्या डावीकडे आली पाहिजे आणि तिच्यात जागा सुटता कामा नये, "ऱ्या" मधला र अर्धा वळलेला दिसला पाहिजे, रफार "सर्व"च्या व वर बसला पाहिजे. वेलांटी सुटी पडली, अक्षराचा पाय मोडलेला दिसला किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, तिथेच थांबा. फॉन्ट बदलून एकदा बघा हवं तर, कारण काही वेळा फॉन्टच अर्धवट असतो. मुक्ता, हिंद, बालू २, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे, त्यांच्यावर टेस्ट घ्या. जुन्या डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर वेगळ्या कीबोर्डच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो, तो चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आपण मोबाईलवर टाईप करतो त्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

ही टेस्ट पास झाली की त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक खरं व्हिजिटिंग कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. व्हिडिओ बघून सगळंच सोपं वाटतं, स्वतः हात लावल्यावरच कळतं. इंकस्केपमध्ये धरून सांगतो. कार्ड ९० बाय ५५ मिलिमीटरचं असेल तर पानाचा साईज ९६ बाय ६१ ठेवा, म्हणजे चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड मिळतं, कापताना ब्लेड जरा सरकलं तरी पांढरी कड दिसत नाही. मागचा रंग पानाच्या काठापर्यंत न्या, पण नाव आणि नंबर कापायच्या रेषेपासून निदान ३-४ मिलिमीटर आत. फोटो टाकायचा असेल तर मूळ मोठा फोटो टाका, व्हॉट्सअॅपवर इमेज म्हणून आलेला नको, तो दाबून लहान झालेला असतो, डॉक्युमेंट म्हणून मागवा. सगळं झालं की फाईल सेव्ह करा, मग तिची दुसरी कॉपी करा आणि त्या कॉपीत सगळा मजकूर निवडून पाथ मेनूमधलं ऑब्जेक्ट टू पाथ द्या. यालाच प्रेसवाले कर्व्ह करणं म्हणतात, अक्षरं आता आकार झाली, त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. पण नंबर बदलायचा झाला तर या कॉपीत टाईप करता येणार नाही, म्हणून पहिली फाईल जपायची. मग पीडीएफ काढा.

रंगांचं काय? स्क्रीनवरचा भडक हिरवा, निळा, नारिंगी छपाईत थोडा मळतोच, कारण शाईत तो रंग बसतच नाही, आणि हे महागड्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. बारीक काळ्या अक्षरांकडे जास्त लक्ष द्या. आरजीबीतला काळा बदलताना चारही शाया मिळून काळा बनतो, आणि छपाईत एखादी शाई केसभर सरकली की बारीक अक्षरांच्या कडा रंगीत आणि धुरकट दिसतात. प्रेसवाल्याला सांगा की मजकूर फक्त काळ्या शाईत घ्या, किंवा स्क्रायबसमध्ये मजकुराचा रंग फक्त काळी शाई करून तिथून सीएमवायके पीडीएफ द्या. पूर्ण गठ्ठा छापायच्या आधी एक प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, बघायला मागा.

हे कार्ड करताना तीन गोष्टी मनात नोंदवा: अडल्यावर उत्तर शोधायला किती वेळ गेला, दुसऱ्या दिवशी फाईल उघडून फोन नंबर बदलायला किती वेळ लागला, आणि प्रेसवाल्याने फाईल पहिल्या फटक्यात घेतली का. माझ्या मते मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण छोट्या धंद्यात नवं डिझाईन कमी असतं, जुन्यातला भाव, तारीख, नंबर बदलणंच जास्त असतं. सोप्या बदलाला अर्धा तास लागत असेल तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

महिन्याचे पैसे भरायचं ठरवलंच तर भरण्याआधी एवढं तपासा की उद्या प्लॅन बंद केला तर आपल्या फाईली बाहेर काढता येतात का आणि त्या दुसरीकडे उघडतात का. वार्षिक प्लॅन मधेच सोडला तर दंड आहे का तेही वाचा, ते बारीक अक्षरांत असतं. ट्रायल घेतलात तर संपायच्या दोन दिवस आधीचं रिमाइंडर मोबाईलवर लावा, कार्ड जोडलेलं असेल तर पैसे आपोआप कापले जातात. आणि लोगोच्या एसव्हीजी, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी अशा तिन्ही फाईली, वापरलेल्या रंगांचे कोड आणि फॉन्टची नावं एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची कॉपी दुसरीकडेही टाका, पुढे सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर हाच फोल्डर उचलून न्यायचा.