लीजवर सही करण्याआधी बाहेर पडण्याची किंमत काढा: मंदीत अमेरिकेत आलेल्यांसाठी

एचवनबी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात. जानेवारी २०१७ पासून हा ग्रेस पिरियड नियमात आहे. आय-९४ ची (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेच दिवस. सेव्हरन्सचे, म्हणजे काढताना कंपनी देते ते, पैसे मिळाले म्हणून हे दिवस वाढत नाहीत. या काळात नव्या कंपनीने आपल्यासाठी व्हिसाची पिटिशन दाखल करायची, नाहीतर आपण स्टेटस बदलायचा अर्ज टाकायचा, नाहीतर सामान बांधायचं. घर भाड्याने घेताना मात्र आपण सर्रास १२ महिन्यांच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करून मोकळे होतो. भाडं महिन्याला १०० डॉलर जास्त असलं तर ते कसंबसं निभतं. ज्या करारातून दोन महिन्यांत सुटता येत नाही, तो मात्र मंदीत बुडवतो.

म्हणून लीजचा मसुदा हातात आला की आधी ‘अर्ली टर्मिनेशन’चं, म्हणजे मुदतीआधी घर सोडण्याचं, कलम शोधा. मोठ्या कॉम्प्लेक्सच्या लीजमध्ये ते बहुधा असतं. ६० दिवसांची लेखी नोटीस आणि वर दोन महिन्यांचं भाडं फी म्हणून, असा साधारण मामला. भाडं २,००० डॉलर धरा: नोटिशीच्या काळाचे ४,००० आणि फीचे ४,०००, म्हणजे ८,००० डॉलर. ही त्या घरातून बाहेर पडायची किंमत. दोन घरांची तुलना करताना भाड्याशेजारी हा आकडाही लिहा.

कलमच नसेल तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं गळ्यात येऊ शकतं. बहुतेक राज्यांत घरमालकाने नवा भाडेकरू शोधायचा रास्त प्रयत्न करायचा असतो, आणि तो मिळाला की तुमचं भाडं थांबतं. पण मंदीत भाडेकरूच लवकर मिळत नाही, गोम तिथेच आहे. सबलेटवर फार भिस्त ठेवू नका. पोटभाडेकरूने भाडं थकवलं तर मालक तुमच्याच मागे लागतो. लीज दुसऱ्याच्या नावे करून देत असाल, तर ‘आधीच्या भाडेकरूची जबाबदारी संपली’ हे वाक्य मालकाकडून लेखी घ्या. ते नसेल तर नाव बदलूनही टांगती तलवार राहतेच. माझं मत विचाराल तर पहिली लीज ६ महिन्यांचीच घ्यावी, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

आता मंदीतलं खास आमिष. लीजिंग ऑफिसबाहेर ‘पहिला महिना फुकट’ची पाटी लागते. भाडं २,०००, एक महिना माफ, म्हणजे वर्षाचे २२,००० आणि महिन्याला सरासरी १,८३३. जाहिरातीत १,८३३ झळकतात, लीजमध्ये लिहिलेले असतात २,०००. याचे दोन फटके बसतात. नूतनीकरणाच्या वेळी ‘फक्त ५ टक्के वाढ’ म्हणून २,१०० मागतात. तुम्ही सरासरी देत होता त्यावर ती वाढ साडेचौदा टक्के होते. दुसरा फटका लीजच्या शेवटी जोडलेल्या एका पानावर असतो: मुदतीआधी घर सोडलं तर दिलेली सवलत परत करायची. म्हणजे पाचव्या महिन्यात निघालात तर वरच्या ८,००० मध्ये माफ झालेले २,००० परत येऊन बसले, एकूण १०,०००.

मग ऑफिसात काय मागायचं? ‘भाडंच कमी करा’ म्हटलं तर सहसा नकार येतो, कारण इमारतीची किंमत आणि तिच्यावरचं कर्ज कागदावरच्या भाड्यावर ठरतं, आणि तो आकडा खाली आणायला मालक तयार नसतो. त्याऐवजी सुटण्याची फी दोन महिन्यांवरून एकावर आणायला सांगा, सवलत परत करण्याचं पान काढायला सांगा, पार्किंग माफ करायला सांगा. रिकामी घरं बरीच असतील तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या गोष्टी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. मान्य झालं की ते लीजमध्येच लिहून घ्या. तोंडी शब्दाला काही अर्थ नाही.

क्रेडिट हिस्टरी (अमेरिकेत आधी कर्ज घेऊन फेडल्याची नोंद) नसल्यामुळे नव्या माणसाला अडवलं जातं. सर्वसाधारण अट अशी की महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं. न्यूयॉर्क शहरात वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ४० पट मागतात. ऑफर लेटर आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवा. ‘जास्त डिपॉझिट देतो’ म्हणण्याआधी राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना तीच मर्यादा आहे, न्यू जर्सीत दीड महिना. टेक्ससमध्ये राज्याची मर्यादा नाही. घर सोडल्यावर डिपॉझिट परत करायची मुदत न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये ३०. टेक्ससमध्ये नवा पत्ता लेखी दिल्याशिवाय मालकावर परतफेडीचं बंधनच येत नाही. भारतात परतणारे नेमकं हेच विसरतात.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी सलग व्हिडिओ काढा: खिडक्यांच्या ब्लाइंड्सच्या तुटलेल्या पट्ट्या, कार्पेटवरचे डाग, ओव्हनच्या आतला भाग, फ्रिजचे तडकलेले ट्रे, सिंकखालची ओल. तो त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करा. रोजच्या वापराने झालेली झीज डिपॉझिटमधून कापता येत नाही, पण आधीचा डाग तुमचा नाही हे दाखवायचं काम व्यवहारात तुमच्यावरच येतं. आणि घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय झेलने (फोनवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवायची सोय) किंवा वायरने एक डॉलरही पाठवू नका. मालक ‘परदेशात आहे, किल्ली कुरिअर करतो’ म्हणाला की ती फसवणूकच समजा. झेलने गेलेले पैसे परत मिळणं फार अवघड असतं.

भाड्याखेरीज बाकीच्या खर्चालाही हीच कसोटी लावा: नोकरी गेल्यावर हा खर्च किती दिवसांत थांबेल? स्ट्रीमिंग एका क्लिकमध्ये थांबतं, महिन्याच्या बोलीवरचं इंटरनेट महिन्यात. ‘फुकट’ मिळालेला फोन मात्र ३६ महिन्यांच्या हप्त्यांचा असू शकतो. बिलात दर महिन्याला तेवढीच सूट टाकलेली असते. कनेक्शन बंद केलं की सूट थांबते आणि फोनची उरलेली किंमत एकदम देय होते. गाडी सगळ्यात वाईट. क्रेडिट नसताना कर्जाचा व्याजदर चढा लागतो, नवी गाडी शोरूमबाहेर पडताच उतरते, आणि वर्षभरात कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊन बसू शकतं. मग विकायची तर वरची रक्कम खिशातून भरावी लागते. पहिलं वर्ष जुनी गाडी, कमीत कमी कर्ज.

गंगाजळी किती हवी, याचं ‘सहा महिन्यांचा खर्च’ हे उत्तर मोघम आहे. तुमचा आकडा असा काढा: घरातून सुटण्याची किंमत, भाडं सोडून दोन महिन्यांचा खर्च, दोन महिन्यांचा आरोग्यविमा, घरच्यांची परतीची तिकिटं. मुदतीआधी काढून टाकलं तर एचवनबीवाल्याचा परतीचा रास्त खर्च कंपनीने द्यायचा असतो, पण फक्त त्याचा, बायकोमुलांचा नाही. बेकारी भत्ता हिशेबात धरू नका. तो मिळायला सहसा कुठेही काम करायची मोकळीक लागते, आणि तुमचा व्हिसा एका कंपनीला बांधलेला आहे. ही रक्कम सेव्हिंग खात्यात ठेवा. बँक बुडाली तर एफडीआयसीचं, म्हणजे सरकारी ठेवविम्याचं, संरक्षण एका बँकेत एका व्यक्तीला २,५०,००० डॉलरपर्यंत आहे. ४०१के या नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात कंपनी जेवढं जुळवून घालते तेवढं टाकावं, पण ती गंगाजळी नव्हे: साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलं तर आयकर लागतो, आणि शिवाय काढलेल्या रकमेवर साधारण १० टक्के दंड.

विम्याचा एक बारकावा बऱ्याच जणांना उशिरा कळतो. २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीतून सुटल्यावर कोब्रा कायद्याने तोच विमा पुढे चालवता येतो, पण कंपनी भरत होती तो हिस्साही तुमच्यावर येतो, शिवाय २ टक्के. कुटुंबाचा हप्ता महिन्याला २,००० डॉलरच्या आसपास जाऊ शकतो. निवड करायला मात्र ६० दिवस मिळतात आणि ती मागील तारखेपासून लागू होते. म्हणजे लगेच भरायची घाई नाही. मध्येच कुणी आजारी पडलं तर तेव्हा निवडा, पण आधीचे सगळे हप्ते भरावे लागतील. एफएसएचं (पगारातून करमुक्त पैसे टाकायच्या आरोग्यखर्चाच्या खात्याचं) उलटं आहे: त्यातले पैसे नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतरच्या खर्चाला सहसा चालत नाहीत. चष्मा, दात, काय असेल ते त्याआधी उरकून घ्या.

क्रेडिट कार्डावर किमान रकमेचा ऑटोपे लावून ठेवा. हप्ता ३० दिवस चुकला की क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद होते आणि सात वर्षं राहते.

मंदीत व्याज आणि किमती उतरल्या की घर घ्यायचा मोह होतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना २५ मे २०२५ पासून सरकारी हमीचं एफएचए कर्ज बंद झालंय. साध्या कर्जात २० टक्क्यांपेक्षा कमी डाउन पेमेंट केलं तर पीएमआयचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या संरक्षणासाठी आपण भरायच्या विम्याचा, भुर्दंड. घेताना क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा करताना, किमतीच्या २ ते ५ टक्के जातात, विकताना कमिशन वेगळं. आणि जो काळ तुम्हाला घर स्वस्त देतो, त्याच काळात ते ६० दिवसांत विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक कुठून आणणार? पहिली दोन वर्षं तरी हा विषय काढू नये. ज्यांनी घेतलंच आहे त्यांनी हप्ता चुकण्याआधी सर्व्हिसरला (कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) फोन करून फॉरबेअरन्स, म्हणजे हप्त्यांतून तात्पुरती सूट, मागावा. साधारणपणे थकबाकी १२० दिवसांची झाल्याशिवाय जप्तीची कारवाई सुरू करता येत नाही, पण तोवर थांबण्यात शहाणपण नाही.

नोकरी गेलीच, तर लीजची नोटीस पहिल्याच आठवड्यात द्यायची की नाही ते ठरवा. ४५व्या दिवशी दिली तर तिचे ६० दिवस तुमचा ग्रेस संपल्यावरही चालू राहतात. कित्येक लीजमध्ये नोटीस पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजतात: ३० तारखेला दिली तर दुसऱ्या दिवशी सुरू, २ तारखेला दिली तर जवळजवळ महिना वाया. नवी नोकरी मिळाली आणि घर अजून दुसऱ्याला दिलेलं नसेल, तर बरीच ऑफिसं नोटीस मागे घेऊ देतात; आपल्या ऑफिसचा नियम काय आहे ते नोटीस देतानाच ईमेलवर विचारून ठेवा.