जुन्या लायकावर लायकाव्हिट कसा बसवावा, कसा वापरावा

1950 च्या दशकातल्या लायका थ्री-एफ या फिल्म कॅमेऱ्यावर एक फोटो काढला की डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलतो, बोटं फिल्म पुढे सरकवायच्या नॉबवर जातात आणि नॉब अडेपर्यंत फिरवावा लागतो. तोवर समोरचं मूल हसून मोकळं झालेलं असतं! लायकाव्हिट हे काम डाव्या हाताला देतो. तळाची प्लेट काढून त्याच जागी तो बसतो. ट्रिगर ओढला की फिल्म एक फ्रेम पुढे सरकते आणि शटरही कॉक होतं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी तयार होतं. ना बॅटरी, ना मोटर.

विकत घेण्याआधी जोडी जुळते का ते बघा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. थ्री-सी मॉडेलपासून बॉडी थोडी लांब झाली, त्यामुळे युद्धापूर्वीच्या थ्री-एचा तसाच ट्रिगरवाला वाइंडर थ्री-एफला बसत नाही. एम-3 ला तर तळाशी जोडणीच नाही. 2003 मधला लायकाव्हिट एम हवा असेल, तर कॅमेरा एम-4-2 किंवा त्यानंतरचा फिल्मवाला एम घ्या.

पहिली चाचणी रिकाम्या कॅमेऱ्यावर करा. तळाची किल्ली अर्धी फिरवून प्लेट काढा, लायकाव्हिटचं एक टोक खुंटीत अडकवा, दुसरं दाबून किल्ली बंद करा. बसत नसेल तर अजिबात जोर लावू नका. काढा, नॉब किंचित फिरवा, पुन्हा बसवा. मग ट्रिगर उघडून दहाबारा वेळा ओढा आणि प्रत्येक वेळी शटर दाबा.

आता फिल्म. सुरुवातीची अरुंद पट्टी सुमारे 10 सेंमी लांब कापा, पण कात्री छिद्रातून जाऊ देऊ नका. तिथला तुकडा तुटून आत गेला तर शटर अडकतं. पट्टी स्पूलच्या स्प्रिंगखाली सरकवा, फिल्मची कॅसेट आणि स्पूल दोन्ही एकदमच आत घाला, छिद्रं दातांवर बसली का बघा, मगच लायकाव्हिट लावा. रिवाइंड नॉब (फिल्म परत गुंडाळायचा) हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या. ट्रिगर ओढताना तो उलटा फिरला, म्हणजे फिल्म खरंच चालली आहे. दोन फ्रेम वाया घालवा आणि काउंटर शून्यावर आणा.

ट्रिगर डावीकडे, शेवटपर्यंत, एका दमात ओढा, झटका नको. अर्ध्यावर सोडून दिलात तर शटर कॉक होत नाही आणि नेमकी हवी ती फ्रेम हुकते. शटर स्पीड मात्र फिल्म पुढे सरकवल्यावरच लावा. शटर सुटताना स्पीडची चकती फिरते, तिला बोट लागू देऊ नका. तिथे चुकून लागलेलं बोट एक्स्पोजर बिघडवतं.

रोल संपत आला की हात सावध ठेवा. ट्रिगरमुळे बोटांना जास्त बळ मिळतं, त्यामुळे छिद्रं फाटेपर्यंत कळतही नाही. मध्येच अडकल्यासारखं वाटलं की थांबा. ट्रिगर मिटवा, छोटा लिव्हर R (रिवाइंड) या खुणेवर न्या आणि रिवाइंड नॉब बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. शटरच्या बटणावरचा ठिपका गोल फिरताना दिसेल. तो थांबला आणि नॉब हलका झाला, की प्लेट उघडायला हरकत नाही.